वरचा आकार कापला तेव्हा

१९८२ साल. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा. कॉलेजसमोर शिवणकामाचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या मापाला कुणी नावं ठेवली न्हाईत.

गणिताचे एक सर रोज संध्याकाळी यायचे. माझा खडू उचलून चिंधीवर खाली एक आकार, वर एक आकार काढायचे. "मास्तर, नुसता आकार बघून काय कळतं? कुठून कुठं चालला ते बघा."

शिंप्याला मास्तरच म्हणतात. पण कॉलेजातला माणूस म्हणाला की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर तलाठी समजला असता. मुखेडकडचा माणूस, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून शिकलेला. आकार समीकरणांचे, त्यांना ते स्कीम म्हणायचे. वरच्यावरून खालच्यावर नेणारी वाट म्हणजे मॉर्फिझम. त्या वाटेचे गुण तपासायचे, हाच त्यांचा धंदा.

"खालच्या आकारावरची रेघ टोकाला पोचली तर तिच्या वरची रेघबी पोचली पाहिजे. एकाच जागी. मग ती वाट प्रॉपर."

"न्हाई कळलं."

"झकास! आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळतं."

त्यावरच प्रबंध लिहिलेला. त्या वर्षी तो औरंगाबादच्या विद्यापीठात दिला तर नोकरी कायम, न्हाईतर घरी.

जायच्या आदल्या संध्याकाळी खुशीत आले. "असे तुकडे केले अन् एकेक तपासला," म्हणत कात्रीनं वरचा आकार कापला. कडेचे दोरे सुटले. ते बघतच राहिले.

"मास्तर, प्रबंधात चुकलो. तुकडे खालच्याचे करायचे असतात. वरचा कापला की कडा उघड्या पडतात, अन् हा गुण कडेवरच ठरतो."

"कोणाला कळणारय? देऊन टाका."

"कोणालाच न्हाई. लई दिवस मलाबी कळलं नव्हतं."

"नोकरी जाईल, सर!"

"हाव, जाईल."

चहा न घेता उठून गेले.

नोकरी पुढं गेलीच. नांदेडात शिकवण्या घेत राहिले, तिथंच वारले. मला मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. हाताला धरून गाडीत बसवायचं म्हणून मी स्टँडवर गेलो. औरंगाबादची गाडी लागली, भरली, सुटली. सर आले न्हाईत. परतताना कॉलेजच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला, "पोरांनो, मी कुठं चुकलो ते आधी लिहून घ्या."

मी सायकल भिंतीला लावली. एक अक्षर कळलं न्हाई. तास संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.