हौसाआयची रास

हौसा लग्न होऊन या घरात आली ती होडीतून. उरणच्या बाजूचं माहेर मागे पडलं, भरतीच्या पाण्यावर होडी पनवेलच्या खाडीत शिरली, तेव्हा तिने पदराआडून जरासं पाहिलं. दोन्ही अंगांना चिखल आणि तिवरं. असंच चाललं असताना एक वळण आलं आणि समोर उभी राहिली सोनेरी शिखरं, एकाला लागून एक. तिला वाटलं देवळं असतील. जवळ गेल्यावर कळलं, त्या पेंढ्याच्या उडव्या होत्या, आणि त्या सगळ्या तिच्या सासरच्या.

पुढे कित्येक वर्षं, घर म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे आधी ती शिखरंच येत.

तिचा सासरा धोंडी तरुणपणी याच खाडीतून आला होता. बरोबर बायको भामा, एक कुदळ आणि फडक्यात गुंडाळलेले देव. तिथे तेव्हा पाणी चढायचं आणि उतरायचं, बाकी काही नाही. धोंडीने पाट्यापाट्यांनी चिखल टाकून बांध घातला. उधाणाने तो नेला. त्याने पुन्हा घातला. मग पावसाळ्यांनी मातीतलं मीठ हळूहळू धुऊन काढलं आणि खाऱ्या जमिनीत भात उभं राहिलं. हौसाचा नवरा आनंदा कर्ता झाला तोवर घरावर मंगलोरी कौलं चढली होती, गोठ्यात बैलांच्या जोड्या होत्या, आणि भात-मीठ पनवेलच्या बाजारात न्यायला स्वतःची होडी होती. या घरी पाहुण्याला ‘जेवणार का’ असं कुणी विचारत नसे. पान मांडूनच हाक मारत.

हे सगळं रासेवर उभं आहे, असं भामा म्हणायची. रास म्हणजे झोडून, वारवून अंगणातल्या खळ्यात घातलेला भाताचा ढीग. तो मोजायचा दिवस या घरात सणापेक्षा मोठा. नारळ वाढवायचा, रासेला झेंडू वाहायचा, पहिली पायली भरताना ‘लाभ’ म्हणायचं आणि त्यानंतर शेवटचा दाणा उचलेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

“रास निजलेल्या पोरासारी असते बाय,” भामाने नव्या सुनेला सांगितलं होतं. “बोललीस का जागी झाली. आनि जागी झाली का उठून गेलीच.”

कुणी बोललंच, तर मोजलेलं भात परत ढिगात घालायचं, वर पेंढा पांघरायचा आणि पुढल्या पुनवेपर्यंत रासेला हात लावायचा नाही. हौसाच्या हयातीत असं कधी झालं नव्हतं. तिच्या लहानग्या महादेवाला एकदा रासेजवळ विंचू चावला, तर त्याने ओठ गच्च मिटून नुसता पाय वर धरला होता. तेवढ्याशा पोराची ती समज गावाने पुढे फार दिवस सांगितली.

आनंदा गेला, दोन्ही मुलांची लग्नं झाली, आणि हौसाची हौसाआय झाली. थोरला महादेव शेतात रमायचा, बोलायला कमी. धाकटा कमळाकर बापासारखा होडीतला माणूस. वाऱ्याशीसुद्धा गप्पा मारील. स्वातंत्र्य येऊन सातआठ वर्षं झाली होती, रस्त्याने लॉऱ्या धावू लागल्या होत्या, माल होडीने कोण नेणार? महादेवाने एक दिवस होडी विकून टाकली आणि बैलांची खिल्लारी जोडी आणली. कमळाकर नारळी पुनवेला नारळ घेऊन धक्क्यावर गेला, तर जागेवर होडी नाही.

“बापाशीची होडी,” तो घरी येऊन म्हणाला. “मना नुसता विचारलास पन नाय?”

“कुजत चालली होती.”

“तू विचारलास नाय.”

त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. मग सुना कशा मागे राहतील? थोरली गोदू चुलीशी म्हणायची, “काही लोकांना आयता जेवाला लागतं.” धाकटी वेणू पाटा धुताना त्या पाट्याला ऐकवायची, “काही लोकांचा तोंड, मिठाचा आगर.” हौसाआय मधे बसून दोघींच्या हातचं जेवायची. तिला ते गोड लागेना.

शेवटी गावातल्या दाजींना मधे घातलं. वयाने मोठे, शब्दाला मान. ते म्हणाले, “यंदाची रास एकत्र मोजा. अर्धी याची, अर्धी त्याची. आनि मोजून झाली का घरामधे भिंत घाला.” भिंतीसाठी माती आणून अंगणाच्या कडेला ढीग घातला गेला. एका बाजूला भाताची रास, दुसऱ्या बाजूला भिंतीची माती. हौसाआय रोज सकाळी दोन्हींच्या मधून सडा घालायची आणि मातीच्या बाजूला पाणी जरा जास्तच शिंपायची.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी दाजी ओट्यावर साक्षीला बसले. महादेवाने पायली हातात घेतली, ‘लाभ’ म्हणाला, आणि अंगण गप्प झालं. तो भरायचा, पाटीत ओतायचा. पाटी भरली की कमळाकर एक शिंपली बाजूला ठेवायचा, तोच हिशेब. सुना पाट्या डोक्यावर घेऊन आत न्यायच्या, आणि माजघरात मोठ्या कणगीपाशी उभी असलेली हौसाआय ती पाटी घेऊन कणगीत रिकामी करायची.

ऊन चढलं. कौलांच्या फटीतून उजेडाच्या दांड्या उतरल्या आणि त्यांत भाताची धूळ तरंगू लागली. इतकी माणसं आणि एकही शब्द नाही. नुसता दाणे ओतल्याचा आवाज, लांबून ऐकू येणाऱ्या भरतीसारखा. हौसाआयला वाटलं, भामा शेजारी उभी आहे. आनंदा अंगणात पायली भरतो आहे. ती पाटी डोक्यावर घेऊन तशीच चालत गेली, मागल्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून आली, आणि भानावर आली तेव्हा ती रासेच्या पलीकडच्या अंगाला उभी होती. पाटी भरलेलीच.

आता करणार काय? बोलायची सोय नाही. तिने पाटी तिथेच रासेवर ओतली. दाणे घरंगळले आणि रासेचा माथा जरासा वर आला.

हौसाआय त्या माथ्याकडे बघत राहिली. रास सरली नाही, तर भिंत कशी घालतील?

पुढची पाटी तिने जाणूनबुजून नेली. मग त्याच्या पुढचीही. माणसाच्या उंचीची रास, पलीकडचं कुणाला दिसत नव्हतं. अंगणातून भात आत जायचं, मागल्या दाराने निघायचं आणि परत रासेला मिळायचं. पाणी चढतं आणि उतरतं, तसं.

गोदूच्या आधी लक्षात आलं. कणगी भरतच नव्हती. तिने वाकून तळ पाहिला, मग सासूकडे पाहिलं. मागून वेणू आली, तिनेही पाहिलं. दोघींची नजर किती महिन्यांनी एकमेकींना भिडली. बोलता येत असतं तर दोघींनी एकमेकींना काहीबाही ऐकवलं असतं. बोलायचं नव्हतं, म्हणून गोदूने भुवई उंचावली, वेणूने पदर तोंडात कोंबून हसू दाबलं, आणि आपल्या डोक्यावरची पाटी सासूला न देता ती स्वतःच मागल्या दाराने चालू लागली.

दुपार कलली. शिंपल्यांचा ढीग वाढत चालला. एवढं भात त्या जमिनीत पूर्वी कधीच पिकलं नव्हतं. महादेव भाबडा माणूस; त्याला वाटलं, धोंडीबाबाच रासेत येऊन बसला आहे. तो प्रत्येक पायली आधी कपाळाला लावून भरू लागला.

कमळाकरला मात्र दिसलं ते फूल. सकाळी रासेला वाहिलेला एक झेंडू, एका बाजूने पाकळ्या झडलेला. तो पाटीत पडून आत गेलेला त्याने पाहिला होता. थोड्या वेळाने तोच झेंडू पुन्हा रासेवर दिसला. पुन्हा पाटीतून आत गेला. पुन्हा आला. त्याने मान तिरकी करून रासेपलीकडे पाहिलं, तर आईची पाठ मागल्या दाराकडे निघालेली, आणि हातात रिकामी पाटी.

तो उठला नाही. त्याने पुढची शिंपली ठेवली. त्याच्या पुढचीही ठेवली. एक शब्द उच्चारला असता तर आईचा खेळ तिथेच मोडला असता. तो का बोलला नाही, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

उन्हं तिरपी झाली. हौसाआयचे पाय थकून गेले होते. तरी ती पुन्हा आली, डोक्यावर भरली पाटी. रासेशी पोचता पोचता तिचा गुडघा वाकला, पाटी हलली.

“दादूस! आयला धर!”

पायली फेकून महादेव रासेच्या कडेने झेपावला. आईला त्याने हातांवर झेललं, पाटी रासेवर उपडी झाली, आणि दोघंही भातात बसली. कमळाकर धावत येऊन समोर उकिडवा बसला.

ओट्यावर डुलक्या घेणारे दाजी दचकून जागे झाले. “कोन बोलला? रासेवर कोन बोलला?”

“मी नाय,” हौसाआय ताबडतोब म्हणाली. तिच्या केसांत भाताचे दाणे होते.

“मी बोललू,” कमळाकर म्हणाला.

“कोनाला बोललास?” दाजींनी विचारलं.

महादेवानेच उत्तर दिलं, “मना बोलला.” आणि त्याचा आवाज असा काही फुटला, की गोदू आणि वेणू दाराशी उभ्या राहून एकदम रडायला आणि हसायला लागल्या.

“मंग मोडली रास,” दाजी म्हणाले. “घाला सगळा परत. पुनवेपर्यंत हात लावायचा नाय. आनि भिंतपन नाय.” मग कणगीत डोकावून आले आणि चकित होऊन म्हणाले, “घालायचा काय? आत हाय काय?”

ज्याने रास मोडली त्याने, आणि ज्याच्या हातून पायली सुटली त्यानेही, पुनवेपर्यंत खळ्यात राखणीला झोपायचं अशी रीत होती. दोघा भावांनी पेंढ्यात अंथरुणं घातली. पहिले एकदोन दिवस बोलणं बैलांचं झालं. मग एकदा महादेव म्हणाला, “विचाराला पायजे होता मी.” त्यावर कमळाकरने अंगाखालचा पेंढा सारखा केला. नंतर म्हणाला, “कुजली तं होतीच.”

अमावस्येचं उधाण आलं आणि एका जागी बांध खचला. जवळ माती कुठली? अंगणात भिंतीची माती तयारच होती. दोघांनी ती पाट्यापाट्यांनी नेली आणि बांधाला घातली.

पुढे कमळाकरने पनवेलच्या बाजारात भाताचं दुकान घातलं आणि तिकडेच बिऱ्हाड केलं. पण भिंत झाली नाही, आणि रास एकच राहिली. दरवर्षी तो बायकामुलांसह यायचा आणि शिंपल्यांपाशी बसायचा.

त्या पुनवेला रास पुन्हा मोजली तेव्हा शिंपल्या फारच कमी भरल्या. महादेवाने एकदा आईकडे पाहिलं आणि मान खाली घालून पायली भरत राहिला. हौसाआय कणगीपाशी उभी राहून शहाण्यासारखी पाट्या रिकाम्या करत होती. कमळाकर मात्र शिंपली ठेवली की जरा वाकून रासेपलीकडे बघायचा, पलीकडून कुणी येतंय का ते.