सुनेच्या फोनची बॅटरी मी तपासली

ऊसतोडीची टोळी निघायला नऊ दिवस उरले होते. सून चुलीपुढं भाकरी थापत होती. थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "आत्या, हा फोन असाच ऱ्हायला तर मी पोरीला संगं घेऊन जाणार."

मी तांदूळ पाखडत होते. हातातलं सूप तिथंच थांबलं.

पोरगी म्हणजे माझी नात. सहा वर्षांची. त्या जूनला आम्ही तिला पहिलीत घातली होती. त्याआधी दरवर्षी ती आईबापासंगं ऊसतोडीला जायची, सहा महिने फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायची, उसाच्या वाळल्या पाचटावर निजायची. यंदा मी हट्ट धरला होता, की पोरगी माझ्यापाशी राहील आणि शाळेत जाईल. सून कबूल झाली ती एका अटीवर. रोज सांजच्याला पोरीचं तोंड फोनवर दिसलं पाहिजे. एक दिवस खंड पडला तर ती मुकादमाला न विचारता एसटीत बसून येईल आणि पोरीला घेऊन जाईल, असं तिनं मला तिच्या नवऱ्यासमोर सांगितलं होतं. आणि ती बोलते तसं करते. मला माहीत आहे, कारण तिला मीच पसंत केली होती.

आता फोनची गत अशी, की पडद्यावर चाळीस टक्के दिसायचं आणि बोलता बोलता फट्कन अंधार. घरी लाईट आहे म्हणून चालून जायचं. कोपीत कुठली लाईट? तिथं पहाटे ट्रॅक्टरवाल्याकडं फोन लावायचा, तेवढ्या चार्जिंगवर दिवस काढायचा. सांजेपर्यंत हा फोन जिवंत राहणार कसा?

मुलगा म्हणाला, "माय, फोन गेला तो. कडा गावच्या मोबाईलच्या दुकानात दाखवला मी. आतलं मेन बोर्ड उडालंय म्हणतोय. नवाच घ्या म्हणला."

नवा घ्यायची यंदा आमची तयारी नव्हती, एवढंच सांगते.

आता माझं थोडं सांगायला पाहिजे, त्याबिगर पुढचं कळणार नाही. मी आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होते. खिचडी शिजवायची, लेकरं घरोघरून गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची. शाळा मी पाहिली नव्हती. अंगणवाडीतल्या लेकरांच्या मागं बसून मी अक्षरं शिकले, आणि बाई सुट्टीवर असल्या की वजनाचं रजिस्टर मीच भरायची. तिथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. लेकराकडं नुसतं बघून काही कळत नाही. एकदा वजन करूनही कळत नाही. दर महिन्याला करायचं, लिहायचं, आणि मग रेघ वर चालली का खाली ते बघायचं.

तर मी सुनेला म्हणाले, "मला दोन दिवस दे. फोन माझ्याकडं ठेव."

"तुमी काय करणार?"

"बघते."

मुलगा हसला. "माय आता फोनला खिचडी खाऊ घालणार."

मी माझ्या फोनवर व्हिडिओ शोधला. बोलून शोधते मी, टाईप करायला वेळ लागतो. हिंदीत एक माणूस भराभरा सांगत होता. चार वेळा लावला तेव्हा कळलं. नंबर दाबायच्या जागी चांदणीची खूण, जाळीची खूण, चांदणी, जाळी, मग चार-सहा-तीन-सहा, मग उलटं, जाळी, चांदणी, जाळी, चांदणी. शेवटची चांदणी दाबली की आपोआप एक पान उघडतं. तिथं बॅटरीची माहिती. सगळ्या फोनात ते उघडत नाही म्हणे, पण सुनेच्या फोनात उघडलं. मी चष्मा पुसून वाचलं. तब्येतीपुढं लिहिलेलं होतं, चांगली.

मुलगा मागून वाकून बघत होता. "बघ. फोन स्वतः सांगतोय बॅटरी चांगली हाय म्हणून. म्हंजे मेनच गेलंय."

 पण माझ्या मनाला पटेना. अंगणवाडीत अशी लेकरं यायची, गालानं गुबगुबीत. आई म्हणायची, बघा किती छान आहे. आणि पायावर बोट दाबलं की खळगा राहायचा. ती सूज असायची. तेव्हा तोंडानं "चांगली" म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग ते माणूस असो का फोन.

मी जुन्या वहीची कोरी पानं काढली. रेघा मारल्या. एका बाजूला वेळ, एका बाजूला टक्के. फोन शंभरावर नेला, पिन काढली, पडद्याचा उजेड एकसारखा ठेवला आणि पोरीचे बडबडगीतांचे व्हिडिओ लावून दिले. दर अर्ध्या तासाला लिहायचं. शंभर. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याहत्तर. एकसष्ट. मग चव्वेचाळीस, आणि चव्वेचाळीसवरून एकदम बंद. दोन तास आणि वर थोडं. पुन्हा भरला, पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला त्रेचाळीसवर मेला. आणि भरायला लागला तर एवढ्या लवकर भरतो, की जणू पोटच लहान झालंय. त्याच व्हिडिओवाल्यानं सांगितलेलं एक ॲपही मुलाकडून घेतलं. दोनतीनदा भरल्यावर त्यानं सांगितलं, बॅटरी पाच हजाराची, भरते तीन हजारालाही कमी.

आता हे इथं लिहायला जड जातं, पण लिहिते. फोनातल्या त्या पानावर बॅटरी किती तापली तेही दिसत होतं. सकाळी पस्तीस अंश. दुपारी सून रोजच्यासारखी फोन पिशवीत घालून चार्जिंगला लावून गेली. तासाभरानं मी बघितलं तर चव्वेचाळीस. पिशवीतून काढून फरशीवर ठेवला तर खाली आला. ती पिशवी मी शिवलेली. जुन्या लुगड्यांचे चार पदर घालून, गोधडीला घालतात तसे टाके घालून. फोन पडला तर फुटू नये, पाचटाची धूळ जाऊ नये म्हणून मी ती सुनेला दिली होती, आणि गावभर दाखवली होती. सून माझा मान ठेवायची म्हणून चार्जिंग लावतानासुद्धा फोन पिशवीतून काढत नव्हती. दोन वर्षं.

मी तिला बोलावलं आणि आकडे दाखवले. म्हणाले, "माझ्या पिशवीनं केलं गं हे."

ती बघत राहिली, मग पदर तोंडावर घेऊन हसायला लागली. "आत्या, तुमी फोनला बाळंतिणीवानी शेकलं की. खाली शेगडी तेवढी ऱ्हायली."

मी त्याच दुपारी कात्रीनं टाके उसवले.

तिसऱ्या दिवशी मुलगा आणि मी जीपनं कड्याला गेलो. बाजाराचा दिवस होता. दुकानदार तरणा होता, त्यानं फोन हातात घेतला न घेतला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या मुलाला सांगितलंय मी. मेन गेलंय. याच्यावर खर्च करू नका."

मी बाजाराच्या पिशवीतून वही काढून त्याच्या काचेवर ठेवली.

त्यानं एक पान बघितलं, दुसरं बघितलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"दर अर्ध्या तासाला?"

"जेवायला उठले तेव्हा दहा मिनटं उशीर झालाय. बाजूला लिहिलंय."

तो मुलाकडं बघून म्हणाला, "दादा, तुमच्या मातोश्री काय करत होत्या?" मुलगा म्हणाला, "अंगणवाडीत होती." एवढं म्हणताना तो जरा ताठ उभा राहिला, ते मी बघितलं. पुढं काही म्हणत नाही.

दुकानदारानं फोनची पाठ गरम करून उघडली. आतली बॅटरी मधोमध पुरीसारखी फुगली होती. ती त्यानं काढून आम्हाला दाखवली. मग म्हणाला, "मावशी, मी उघडून बघायला पाहिजे होतं. तुमचंच बरोबर." हे त्यानं चार गिऱ्हाईकांदेखत म्हटलं, म्हणून त्याच्याबद्दल माझ्या मनात काही राहिलं नाही. मी त्याला माझ्या शिवलेल्या पिशवीचं सांगितलं, तर सगळा दोष पिशवीवर घालू नका म्हणाला. फोन तीन वर्षांचा, दिवसभर पिनला टांगलेला, सगळ्याचा मिळून परिणाम.

नवी बॅटरी बसली. मुलगा निघायला लागला. मी बाकावर बसले.

"चल की माय."

"अजून वजन झालं न्हाई."

दुकानदार म्हणाला, "मावशी, नवी हाय ती."

"तुमी म्हणता. ती म्हणू दे."

मी तिथंच फोन शंभरावर नेला, व्हिडिओ लावले आणि लिहायला बसले. पहिल्या दोन तासांत पस्तीस टक्के गेले, ते मला जास्त वाटलं. तिसऱ्या तासाला साठावरून एकदम एकेचाळीस. मी वही फिरवून त्याच्यापुढं केली. तो डोकं खाजवत म्हणाला, "ही दुकानात बराच काळ पडून होती." दुसरी काढून बसवली, ती भरली. माझ्यासाठी चहा सांगितला. एक गिऱ्हाईक त्याला म्हणाला, "काय बे, तपासणी बसली का दुकानात?" तो म्हणाला, "बसली. आणि उठंना झालीय." सगळे हसले. मीही हसले, पण अर्ध्या तासाची नोंद चुकू दिली नाही.

दुसरी बॅटरी सरळ उतरली. दर अर्ध्या तासाला पाच, पाच, सहा, पाच. कुठं उडी नाही, कुठं खड्डा नाही. शेवटच्या जीपला आम्ही निघालो.

घरी आल्यावर मी वही सुनेच्या हातात दिली. तिला आकडे चांगले कळतात, सातवी झालेली आहे ती. चुलीच्या उजेडात तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मला वाटलं, आता पुन्हा काही अट घालते. तिनं वही मिटली आणि पोरीचा युनिफॉर्म भिजत घातला होता, तो धुवायला गेली. तेव्हा मला कळलं, की पोरगी राहणार.

टोळी गेली. जाताना ट्रॅक्टरवर सुनेसंगं बसलेल्या दोघी बायका मला वरून ओरडून सांगून गेल्या, की पुढच्या दसऱ्याआधी आमचेही फोन तुमच्याकडं आणून देऊ. मी म्हणाले, आणा, पण दोन दिवस परत मागायचे नाहीत. पोरगी माझ्या कडेवर होती. एवढी मोठी पोरगी, तरी मी तिला उचलली होती, कारण खाली सोडली असती तर ती ट्रॅक्टरमागं पळाली असती.

पहिले काही दिवस ती फोनवर बोलायचीच नाही. आईचं तोंड दिसलं की रडायची, आणि तिकडं आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं डोळे पुसायची. मग एका सांजेला पोरीनं काय केलं, फोन डब्याला टेकवून उभा केला, शाळेचं पुस्तक घेतलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. अडखळत, पण तिचं तिनं. मी मधे एकही शब्द सांगितला नाही. एक पान झालं. तिकडून काहीच आवाज नाही. पडद्यावर नुसती कोपीची सावली, सून कुठं दिसेना.

मी घाबरून फोन उचलला. "अगं, बंद पडला का? बॅटरी गेली?"

"न्हाई आत्या," ती बाजूनं म्हणाली, नाक ओढत. "बासष्ट हाय. तुमी मधी नका बोलू, पुढचं पान वाचू द्या तिला."

मी फोन परत डब्याला टेकवला.