तळ्यातली रेमेईची जागा

आमच्या एल कान्यार या तळ्याकाठच्या गावात मुलगी जन्मली की बाप म्हणायचा, "असू दे, जाळी विणायला दोन हात वाढले." जाळी विणायची आम्ही, फाटली की सांधायची आम्ही, वाम मासे सोलून व्हॅलेन्सियाच्या बाजारात विकायचेही आम्हीच. तळ्यात मासे धरायचा हक्क मात्र बापाकडून मुलाकडे जायचा. मुलगा नसला की तो मच्छीमार मंडळाकडे परत, आणि लेकीने नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

रेमेई कुणाच्या तोंडाकडे बघणारी नव्हती. आमच्या शेजारच्या बातिस्ताची ही एकुलती एक लेक. आई लवकर गेली म्हणून बाप तिला नावेतच घेऊन जायचा, तेव्हा वल्हं हातात धरूनच ती मोठी झाली. लग्न केलं तेही शहरातल्या एका बस ड्रायव्हरशी. बिचाऱ्याला होडीत बसलं की मळमळायचं.

हुकूमशहाच्या राज्यात आम्हा बायकांना बँकेत खातं उघडायला नवऱ्याची परवानगी लागायची. हुकूमशहा मेला, नवी राज्यघटना आली, बाई आणि पुरुष समान असं तिच्यात छापून आलं. गावाने फटाके उडवले. दुसऱ्या दिवशी पुरुषांनी फाटकी जाळी आमच्या पुढ्यात टाकली आणि ते तळ्यावर निघून गेले. मला त्या दिवशी आलेला राग अजून गेलेला नाही.

पुढे काही वर्षांनी बातिस्ता वारला. रेमेई काळ्या कपड्यातच मंडळाच्या दारात जाऊन उभी राहिली. "वडिलांचा हक्क माझ्या नावावर करा."

माझा नवरा तोफोल तेव्हा मंडळात होता. तो म्हणाला, "पोरी, नावेत चूल मांडणार का?"

"चूल तुम्ही सांभाळा, तोफोलकाका. मासे मी आणते."

घरी येऊन तोफोल दिवसभर धुमसत होता आणि मी रश्शाचं मीठ चाखायचं निमित्त करून, चुलीकडे तोंड फिरवून हसू लपवत होते.

ती कोर्टात गेली. मग गावाने तिला वाळीतच टाकलं म्हणा ना! बेकरीवाली तिला पाव देईना, तिच्या लहान लेकीशी शाळेत कुणी बोलेना. बापाची जाळी कुणीतरी सुरीने कापली, तर ही भर चौकात खुर्ची टाकून ती सांधत बसली. नवरा म्हणाला, "शहरात जाऊ या, पुरे झालं." ती म्हणाली, "जाऊ की. आधी माझं नाव लागू दे." निकाल तिच्या बाजूने लागला. मंडळाने वरच्या कोर्टात अपील केलं आणि तिथेही तोंडावर आपटलं.

पण कोर्टाला तळं कुठे ठाऊक? आमच्याकडे दर उन्हाळ्यात तळ्यातल्या मासे धरायच्या जागांची सोडत निघते. पिशवीतून एक लाकडी गोटी काढतात, तिच्यावरचं नाव पुकारतात. तो माणूस उठून कुठली जागा हवी ते मोठ्याने सांगतो आणि सगळं सभागृह म्हणतं, "ऐकलं!" तसं म्हटल्याशिवाय जागा त्याची होत नाही, आणि एकाची जागा ठरल्याशिवाय दुसरी गोटी काढत नाहीत. वर्षभराची कमाई त्या जागेवर अवलंबून.

त्या वर्षी आम्ही बायका बाहेर खिडक्यांना चिकटून उभ्या होतो. पहिलीच गोटी रेमेईची निघाली. ती उठली. तोंड उघडणार तोच तोफोल उठला, त्याच्यामागे सगळे पुरुष उठले आणि सरळ बाहेर चालू लागले. ऐकायला कुणी नाही, म्हणजे जागा नाही. काय ती हुशारी!

कारकून सेव्हेरीनो हात चोळत म्हणाला, "रेमेई, आता कसं करायचं गं?"

"मी थांबते." ती पुढच्या खुर्चीवर बसली. "येतील."

पुरुष बारमध्ये जाऊन एकमेकांच्या पाठी थोपटत बसले. दुपारी तोफोल जेवायला घरी आला.

मी विचारलं, "आपल्याला कुठली जागा मिळाली?"

"सोडत थांबली आहे."

"मग हंगामात रस्सा कशाचा करू? मंडळाच्या अब्रूचा?"

तो चमचा हातात धरून बसला. त्याच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. तिची जागा ठरेना, तर कुणाचीच ठरणार नव्हती! मी त्याच्यापुढची थाळी उचलली आणि म्हटलं, "जा, ऐकून ये." घराघरांतून हेच चाललं असावं, कारण गल्लीत एकेक उपाशी पुरुष दिसायला लागला.

सभागृहात तोफोल आधी पोचला; त्याच्यामागोमाग मी जाऊन पुन्हा खिडकीशी उभी राहिले. "बोल बाई, काय बोलायचं ते."

"सगळे येऊ देत, काका."

सगळे आले, भिंतीला टेकून खाली बघत उभे राहिले. मग रेमेई उठली आणि तिने तळ्यातली सगळ्यात चांगली जागा मागितली, मोठ्या बांधाच्या तोंडाची. "ऐकलं" मात्र कुणी म्हणेना.

"ऐकू आलं नसेल तर पुन्हा सांगते," ती म्हणाली. आणि पुन्हा सांगितलं.

"ऐकलं," तोफोल जमिनीकडे बघत पुटपुटला. मग आणखी एक, मग सगळेच.

सेव्हेरीनोने दुसरी गोटी काढली. ती तोफोलची होती. त्याने आपली जागा सांगितली, आणि साऱ्या सभागृहात सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने "ऐकलं!" म्हटलं ते रेमेईने.