भीमाच्या नावाची तिकिटं

हेमचंद्र अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात अधिकारी होता. सत्त्याऐंशी साली कारखान्याच्या मैदानावर एक गाजलेलं संगीत नाटक यायचं ठरलं, तेव्हा त्याची बायको वृंदा हरखून गेली. पण बदलापूरच्या नव्या फ्लॅटचे हप्ते चालू होते, पुढच्या रांगा परवडण्यासारख्या नव्हत्या. स्वस्त तिकिटं फक्त कामगारांसाठी, एकेकाला दोन. डोंगरातल्या वाडीवरून कामाला येणारा भीमा कसला नाटकाला जातोय, असं म्हणून हेमचंद्रने त्याच्या नावावरची दोन्ही उचलली.

मध्यंतरात तो पाय मोकळे करायला बाहेर आला, तर कनातीला टेकून भीमा आणि त्याची बायको जिवली बसलेली.

"आत का नाही गेलात?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तिकीट मागाया गेलो तर म्हनले, तुझी कवाच गेली. कायतरी घोटाळा झाला असंल, साहेब. हिला गान्याचा लय नाद. हितून बी आयकू येतंय."

हेमचंद्रला खरं बोलवेना. त्याने जिवलीला आत नेऊन आपल्या खुर्चीवर, वृंदाशेजारी बसवलं आणि स्वतः भीमाजवळ मातीत येऊन बसला. आत वन्समोअर मिळत होते, त्याचं मात्र एकाही पदात लक्ष लागलं नाही.

सोमवारी भीमा खातंभर सांगत फिरला, साहेबांनी स्वतःची जागा दिली. लोक हेमचंद्रकडे कौतुकाने बघू लागले. त्या आठवड्यात त्याने भीमाला दोनदा केबिनमध्ये बोलावलं आणि दोन्ही वेळा कामाचंच काहीतरी विचारून परत पाठवलं.