दोन दंगलींच्या मधल्या बोळीत
तापलेल्या टिनाचा वास आला की मला माझा मूर्खपणा आठवतो: दुकानदाराला द्यायचं, नवऱ्याच्या मागावरून नुकतंच उतरलेलं लुगडं नेसून मी चोरून कुस्त्या पाहायला गेले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नागपुरात त्या दिवशी दोन ठेकेदारांनी शेजारी-शेजारी टिनाची कुंपणं ठोकून कुस्त्यांच्या दोन दंगली लावलेल्या, आणि बायांना दोन्हीकडे बंदी. गर्दी ओढायला भोंगे भांडत होते. एक ओरडे, "तिकडं जाल तं पस्तावाल!" दुसरा म्हणे, "तिकडचे पहिलवान उपाशी हायेत, इकडं या गा!" दोन कुंपणांच्या मधल्या बोळीत भोक शोधत मी शिरले आणि लुगड्याचा काठ खिळ्यात अडकला. ओढावं तर नवऱ्याची कितीतरी दिवसांची मेहनत फाटणार. हाक मारावी तर डाव्या दंगलीत सासरे बसलेले, उजव्या दंगलीत नवरा. दोन्हीकडून टाळ्या पडत होत्या, टिन पाठ भाजत होतं, आणि मला, शूर बाईला, दिसत होता फक्त गंज. एवढ्यात बोळीच्या तोंडाशी सासूबाई उगवल्या! मी रडायलाच लागले. त्यांनी खाली बसून नखानं एकेक धागा खिळ्यावरून उचलला, काठ शाबूत सोडवला. आता थप्पड बसणार म्हणून मी डोळे मिटले. हल्ली नातवाशेजारी टीव्हीवर मनसोक्त कुस्त्या पाहताना सासूबाईंचं तेव्हाचं बोलणं आठवून मी एकटीच हसते. त्या म्हणाल्या होत्या, "रडून काहून राहिली वं? सरक तिकडं, भोक तुह्या पाठीमागं हाय."