राव सरांच्या एका 'हौ'चं बहुमत

“सुलभा, आज कान खुले रखना, मुंह बंद,” असं बजावून आमचे बॉस राव सर विधानसभेच्या रिकाम्या सभागृहात शिरले. मागून मी, वायरींचं भेंडोळं सांभाळत.

मी साउंड इंजिनिअर. चिक्कडपल्लीत वाढलेली, सिकंदराबादच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला. परदेशी माल मागवणं नुकतंच सोपं झालं होतं. राव सरांनी मोठ्या हौसेनं तिकडची माइक-सिस्टिम आणली होती. आमदार तीनशेच्या घरात, प्रत्येकाच्या बाकावर एक माइक. आज ट्रायल. नापास झालो तर ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली की कंपनीला टाळं. मग माझ्यासकट सगळे घरी.

मावशीनं सकाळीच फर्मान काढलं होतं, “जातेच आहेस तर माझ्या रखडलेल्या टेलिफोनचं बघ!”

“अगं, फोन दिल्लीच्या हातात. इथे पोलीस, जमिनी, दारू यांचे कायदे होतात.”

“मग मला काय त्याचा उपयोग?” मावशी फणकारली.

सिस्टिमची करामत अशी, की जो आधी बोलेल त्याचा माइक चालू, बाकीचे आपोआप बंद. आमदार एकमेकांच्या अंगावर ओरडतात, कुणाचंच धड ऐकू येत नाही, अशी जुनी तक्रार होती. त्यावर हा उतारा. अध्यक्षांना तर थेट हेडफोन.

ट्रायल घेणार होते तिथले अधिकारी सिद्दीकी साहेब. अध्यक्षांच्या खुर्चीत ट्रायललासुद्धा कुणी बसत नाही. त्यांनी शेजारी स्टूल मागवलं आणि हेडफोन चढवला. आमदारांच्या बाकांवर विधानसभेच्या ऑफिसातले क्लार्क, टायपिस्ट मंडळी. एकानं भाषण ठोकलं, दुसऱ्यानं मध्येच आरडाओरडा केला. हेडफोनमध्ये फक्त भाषण!

“माशाअल्लाह,” साहेब खूश. राव सरांची कळी खुलली.

मला मात्र एक गोष्ट खटकली. सभागृहात बरेचसे निर्णय आवाजी मतदानानं होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'होय' ओरडतात, मग विरोधातले 'नाही'. ज्यांचा आवाज मोठा, त्यांची सरशी. आमची सिस्टिम तर एकाच माणसाचा आवाज पोचवणार!

मी सरांच्या कानाशी लागले. “चुप बैठो जी!” ते दातओठ खात पुटपुटले.

काय करावं? गप्प बसले तर नोकरी वाचत होती. पण उद्या अख्खं सभागृह 'नाही' म्हणून कंठशोष करेल आणि अध्यक्षांना ऐकूच येणार नाही, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. छे, राहवेना.

“साहेब, एक ठराव टाकून बघू या?” मी हिंदीत विचारलं.

“कैसा ठराव?”

“कॅन्टीनचा चहा बंद करावा.”

सभागृहात हशा. साहेबांनी मात्र गंभीर चेहऱ्यानं पुकारलं, “जो हक में हैं?”

“हौ!” असं दख्खनी 'होय' राव सर जवळच्या माइकवर गरजले. चहाचे कट्टर वैरी ते एकटेच.

“जो खिलाफ हैं?”

“नक्को! वद्दु! वद्दु!” सगळी बाकं हिंदी-तेलुगूत एकदम पेटली. पण माइक पकडला पुढच्या रांगेतल्या टायपिस्ट विमलाबाईंनी. आवाज इतका बारीक, की त्या बोलल्या का शिंकल्या ते कळू नये. बाकीचे माइक बंद.

“हौ वाले जीत गए!” साहेबांनी जाहीर केलं.

असा गलका उठला म्हणता! मी ओरडले, “डिव्हिजन!” आवाजी निकाल पटला नाही तर ही मागणी करता येते. मग उभं राहायचं आणि डोकी मोजायची. 'हौ'साठी राव सर एकटे उभे. 'नक्को'साठी उरलेलं सगळं सभागृह.

सिद्दीकी साहेबांनी हळूच हेडफोन उतरवला. “राव साब, ये मशीन तो सरकार गिरा देगी.”

राव सरांचा चेहरा पांढराफटक. मी घाईघाईनं म्हणाले, “अध्यक्षांच्या टेबलावर एक बटण देऊ. दाबलं की सगळे माइक एकदम उघडतील.”

“तो बनाके लाओ. चाय का ठराव फिर लेंगे.”

बटण बसवलं. ठराव पुन्हा मांडला. या खेपेला 'नक्को' असा काही घुमला, की साहेबांना हेडफोन कानापासून लांब धरावा लागला. चहा वाचला, ऑर्डरही वाचली.

परतताना सर कुरकुरले, “मुंह बंद रखने को बोला था ना?”

“मतदान घ्यायचं का, सर?” मी विचारलं.

तेव्हापासून कुठेही माइक बसवायचे असले, की मी आधी एकच गोष्ट विचारून घेते, तुम्हाला इथे गोंगाट लागतो का?