मोहनरावांचा बोगदा

चामराजपुरमच्या मोहनरावांना घरात छोटी मॉडेल रेल्वे उभारायचा भारी नाद, आणि तोच नाद असलेल्या बाकी सगळ्यांचा तिटकारा. त्यांचं शिवणाचं दुकान बंद पडलं, तेव्हाही त्यांनी गिऱ्हाइकांच्याच नावानं बोटं मोडली होती.

रविवारी या नादिष्टांच्या फोनवरच्या ग्रुपवर जो तो आपली रेल्वे कुठवर आली ते दाखवी. मोहनराव चष्मा सरसावून बघत आणि नाक मुरडत. "हा त्या शेषगिरीनं केलेला डोंगर? उकडलेला बटाटा बरा! वसंताचं स्टेशन तर आयतं, दुकानातलं. यांना काय कळतंय डोंबल!"

त्यांनी स्वतः गोणपाटावर प्लास्टर थापून शहराशेजारच्या चामुंडीच्या डोंगराची प्रतिकृती उभी केली. आत वळणाचा बोगदा, इंजिनाच्या अंगाबरोबर. ढगळ काम त्यांना खपत नसे. प्लास्टर वाळल्यावर त्यांनी मुद्दाम सगळ्यांना घरी बोलावलं.

इंजिन दिमाखात आत शिरलं. मागचा लांब डबा मात्र वळणावर भिंतीला घासला आणि गाडी आतच अडकली.

"डबेच भिकार करतात हल्ली!" मोहनराव कडाडले.

कॉफी घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीदेवी डोंगराकडे बघत म्हणाल्या, "अय्यो, तुम्ही शिवलेल्या पँटीपण अश्शाच होत्या की. माणूस उभा असेपर्यंत झकास. खाली बसला की उसवल्याच!"